पाणीमहाल : स्वप्न आणि सांडवा

विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) हा स्वप्ने पाहणारा राजा होता. संगीताचे त्याला वेड होते. ‘किताब-ए-नवरस’ हा दख्खनी भाषेतील गीतसंग्रह त्याचाच. त्याने हाती घेतलेल्या दोन बांधकामांकडे आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिले बांधकाम नवरसपूरचे. विजापूरच्या पश्चिमेला, तोरवीजवळ, १५९९ मध्ये त्याने हे नवे नगर वसवायला घेतले. संगीत आणि कला यांना वाहिलेली राजधानी, ही त्यामागची कल्पना. महाल उठले, वस्ती झाली. पण नगराचा तट पुरा झाला नाही. १६२४ मध्ये मलिक अंबरने स्वारी करून नगर उद्ध्वस्त केले. आज तेथे अवशेष आहेत.

दुसरे बांधकाम धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचे. येथे किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्या मधून बोरी नदी वाहते. इब्राहिमच्या काळात, १६१३ मध्ये, या नदीवर दगडी धरण बांधून पूर्ण झाले. उंची सुमारे ९० फूट. स्थापत्यकार म्हणून मीर इमादीन याचे नाव सांगितले जाते. धरणाच्या भिंतीच्या पोटातच एक महाल आहे. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे कोसळू लागले की खिडकीसमोर पाण्याचा पडदा दिसतो. आतला माणूस मात्र कोरडा राहतो.

पाण्यात राहावे, पण भिजू नये, हे स्वप्नही नवरसपूरइतकेच राजेशाही. मग ते टिकले कसे? त्यासाठी धरणाला कोणकोणती कामे करावी लागतात ते पाहू.

पहिले काम पाण्याचा दाब पेलण्याचे. हा दाब जलाशयाच्या विस्तारावर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. ९० फूट म्हणजे सुमारे २७ मीटर. पाणी काठोकाठ असेल तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे २७ टन भार येतो. तो पेलायचा दगडांच्या वजनाने. दुसरे काम पुराला वाट देण्याचे. वाट नेमून दिली नाही, तर पाणी भिंतीवरून हवे तिथून ओसंडते आणि पायथा उकरते. म्हणून सांडवा लागतो. नळदुर्गला नर आणि मादी हेच सांडव्याचे काम करतात. सांडव्याच्या कडेवरून वेगाने निघालेले पाणी सरळ खाली न पडता वक्र मार्गाने थोडे पुढे जाऊन पडते. म्हणूनच त्या पडद्यामागे माणूस कोरडा राहू शकतो. तिसरे काम साधे : पाणी अडवायचे आणि किल्ल्यातून रणमंडळात जायला वाट द्यायची.

म्हणजे महालाचे सौंदर्य वेगळे चिकटवलेले नाही. जो सांडवा भिंत वाचवतो, तोच राजाला धबधबा दाखवतो. महाल कोणी वापरला नाही, तरी धरणाचे काम चालू राहते. नवरसपूरला असा आधार नव्हता. ते नगर राजाच्या इच्छेवर उभे होते, आणि ज्या तटाने त्याचे रक्षण व्हायचे तोच अपुरा होता. अर्थात, त्याच्या नाशाला युद्ध कारण झाले, हे विसरता येणार नाही. पण पूर कधी येईल हे जसे आपल्या हाती नसते, तसेच शत्रू कधी येईल हेही नसते. तयारी तेवढी आपल्या हाती असते.

यावरून ‘स्वप्ने सोडा, व्यवहार पाहा’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. नुसता व्यवहार पाहिला असता तर बोरीवर एक साधी भिंत उभी राहिली असती, आणि ती पाहायला कोणी मुद्दाम नळदुर्गला गेले नसते.

विद्यार्थी ‘मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे’ म्हणतो, तेव्हा शिक्षकांनी त्याला हसू नये आणि नुसती शाबासकीही देऊ नये. दोन प्रश्न विचारावेत. या वर्षी त्यातला कोणता दगड बसवणार? आणि अडचणींचा पूर आला, तर पाणी कुठून काढून देणार? पहिल्या उत्तरात पुस्तकाचे नाव, प्रयोग, तारीख असावी. दुसऱ्यात दुसरी वाट असावी. एवढे कागदावर उतरले, की ते स्वप्न बांधायला घेता येईल.