गवतकापणी यंत्राच्या इंजिनातील बिघाड व निदान

गवतकापणी यंत्राचे (लॉन मोअरचे) पेट्रोल इंजिन सुरू न होणे, सुरू होऊन बंद पडणे, हेलकावे घेत चालणे किंवा भार येताच दमणे, या बिघाडांची कारणे शोधून ते दूर करण्याची रीत.

पार्श्वभूमी : इंग्लंडमधील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवतकापणी यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र माणसाने ढकलण्याचे होते. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने १९०२ मध्ये पेट्रोल इंजिनावर चालणारे यंत्र बाजारात आणले. आजच्या ढकलत्या यंत्रांत बहुधा हवेने थंड होणारे, एका सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन असते. त्याचा दांडा (क्रँकशाफ्ट) उभा असून पाते थेट त्याच्या खालच्या टोकाला बसवलेले असते. यामुळे पात्याला बसलेला दणका सरळ इंजिनात पोहोचतो.

निदानाचा क्रम : इंजिन चालण्यास योग्य मिश्रणाचे इंधन, योग्य क्षणी ठिणगी आणि पुरेसे संपीडन (कॉम्प्रेशन) या तीन गोष्टी लागतात. त्यांची तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करतात. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून दूर ठेवणे आवश्यक असते, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन सुरू होऊ शकते. दोरी दहा-बारा वेळा ओढूनही इंजिन सुरू झाले नाही, तर प्लग काढून पाहतात. प्लग कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. तो पेट्रोलने भिजलेला असेल तर इंधन जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलचे काही थेंब टाकले असता इंजिन दोन-तीन सेकंद चालून बंद पडले, तर ठिणगी व संपीडन ठीक असून दोष इंधनमार्गात आहे असे समजावे.

इंधन : हंगामानंतर पडून राहिलेल्या यंत्रात बहुतेक वेळा दोष येथेच सापडतो. पेट्रोल महिनाभरानंतर उतरू लागते. त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये (इंधनाच्या बारीक छिद्रात) बसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर लहान इंजिनांचे अनेक उत्पादक १० टक्क्यांचीच मर्यादा घालतात. जुने पेट्रोल काढून टाकी व फ्लोटची वाटी स्वच्छ करतात. जेटचे छिद्र कार्बोरेटर क्लीनरने व तांब्याच्या मऊ तारेने मोकळे करतात. कडक सुई वापरल्यास छिद्र मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडते. पाच-दहा मिनिटे चालून इंजिन थांबत असेल, तर टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र तुंबले आहे का ते पाहावे. झाकण सैल केल्यावर इंजिन पुन्हा चालू लागल्यास दोष तेथेच असतो.

ठिणगी : प्लगच्या टोकांतील अंतर सामान्यतः ०.७ ते ०.८ मिमी असते. ठिणगी पाहण्यासाठी स्पार्क टेस्टर वापरणे सुरक्षित, कारण प्लगच्या छिद्रातून येणारी वाफ पेट घेऊ शकते. ठिणगी नसेल तर लगेच कॉइल बदलू नये. हँडलवरील दांडी सोडताच इंजिन बंद करणारी केबल ढिली झाली असेल, तर बंद करण्याचे स्विच जोडलेलेच राहते व ठिणगी मिळत नाही. फ्लायव्हीलचे चुंबक व कॉइल यांतील अंतर अनेक इंजिनांत सु. ०.२५ ते ०.३५ मिमी असते. मिस्त्री ते मधे व्हिजिटिंग कार्ड धरून बसवतात. थंड असताना नीट चालणारे व तापल्यावर ठिणगी हरवणारे इंजिन बहुधा कॉइलचा दोष दाखवते.

फ्लायव्हीलची चावी : पाते दगडावर किंवा मुळावर आपटल्यानंतर इंजिन सुरू होईनासे झाले, किंवा दोरी हातातून उलट हिसका देऊ लागली, तर फ्लायव्हील व क्रँकशाफ्ट यांमधील चावी तपासावी. अनेक इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची करतात. ती एक-दोन मिलिमीटर जरी सरकली, तरी ठिणगी चुकीच्या क्षणी पडते.

संपीडन : दोरी ओढताना नेहमीचा विरोध जाणवत नसल्यास व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा किंवा हेड गॅस्केट यांत गळती असू शकते. अनेक इंजिनांत सुरू करणे सोपे व्हावे म्हणून थोडे संपीडन मुद्दाम सोडलेले असते. त्यामुळे गेजवरील आकडा कमी आला म्हणून इंजिन झिजले असे ठरत नाही.

आवाज व धूर : इंजिनाचा वेग सतत वर-खाली होत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असते. वेग घटताच गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग वाढताच मिटतो, आणि हेलकावे सुरू राहतात. अशा वेळी लहान जेट व कार्बोरेटरचे गॅस्केट पाहावे. गव्हर्नरची स्प्रिंग ताणू नये, कारण वेग मर्यादेबाहेर जातो. काळा धूर तुंबलेला फिल्टर किंवा अडकलेला चोक सुचवतो, तर निळसर धूर तेल जळत असल्याची खूण आहे. यंत्र चुकीच्या कुशीवर आडवे केल्यास तेल सिलिंडरात शिरते. म्हणून पाते साफ करताना कार्बोरेटर व फिल्टरची बाजू वर ठेवतात.

टू-स्ट्रोक यंत्रे : कोकणातील आंबा-काजूच्या बागांत वापरल्या जाणाऱ्या खांद्यावरच्या ग्रास कटरमध्ये अनेकदा टू-स्ट्रोक इंजिन असते. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. तेल विसरल्यास पिस्टन जाम होतो, जास्त झाल्यास प्लग व सायलेन्सरची जाळी काजळीने तुंबते.

साठवण व मर्यादा : हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतात, तेल बदलतात व थंड करणाऱ्या पंखांत अडकलेले गवत काढतात. प्लग, फिल्टर, जेट व चावी यांची कामे घरी होऊ शकतात. वाकलेला क्रँकशाफ्ट मात्र ठोकून सरळ करून वापरणे धोक्याचे असते. तो बदलण्याचा खर्च नव्या इंजिनाच्या जवळ जात असल्यास यंत्र मोडीत काढतात.