यकृतशोथ-ब : रुग्णालयीन कर्मचाऱ्यांतील संसर्ग व लसीकरण

रक्त व इतर शरीरद्रवांवाटे पसरणाऱ्या व्हायरसामुळे होणारा यकृताचा हा विकार. लोकव्यवहारात सर्वच काविळींना एकच नाव असल्याने त्याचे वेगळेपण फार काळ ध्यानात आले नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते. काविळीची माळ व झाडपाला यांना मिळालेले श्रेय मुख्यतः तिचेच आहे. ब-प्रकारात मात्र काही रुग्णांच्या शरीरात व्हायरस कायम राहतो व कित्येक वर्षांनी यकृतकाठिण्य वा कर्करोग उद्भवू शकतो.

हा रोग वैद्यकीय उपचारांतूनच पसरू शकतो, याचा पहिला ठळक पुरावा जर्मनीतील ब्रेमेन येथे मिळाला. तेथील जहाजबांधणी कारखान्यात 1883 मध्ये मानवी लसिका वापरून देवीची लस टोचलेल्या 1,289 कामगारांपैकी 191 जणांना पुढे कावीळ झाली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, मानवी रक्तरस मिसळलेल्या पीतज्वराच्या लशीमुळे हजारो अमेरिकी सैनिक आजारी पडले. कर्मचाऱ्यांवरील संकट उघड झाले ते एडिंबरो येथील मूत्रपिंड विभागात. 1969-70 मधील तेथील साथीत 11 मृत्यू झाले. मृतांत रुग्णांबरोबर त्यांची शुश्रूषा करणारेही होते.

बरूच ब्लुमबर्ग यांनी 1965 मध्ये वर्णिलेल्या ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजना’चा या रोगाशी असलेला संबंध लवकरच सिद्ध झाला व रक्ताची तपासणी शक्य झाली (त्यांना 1976 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले). वाहकांच्या रक्तद्रवापासून बनविलेल्या लशीस अमेरिकेत 1981 मध्ये, तर यीस्टच्या साहाय्याने जनुकीय अभियांत्रिकीने बनविलेल्या लशीस 1986 मध्ये परवाना मिळाला. आयात लस महाग असल्याने भारतातील सामान्य कर्मचाऱ्याला ती दुर्लभच होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये देशी लस बाजारात आणल्यावर किंमत झपाट्याने उतरली.

संसर्गित व्यक्तीच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्यास टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के आहे. तरीही भीती एड्सचीच अधिक वाटते, हे विचित्र होय. वाळलेल्या रक्तातही हा व्हायरस निदान सात दिवस टिकतो. त्यामुळे धोका शल्यचिकित्सकापाशी थांबत नाही. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कक्षसेवक आणि कचऱ्याची पिशवी उचलणारा सफाई कामगार यांच्यापर्यंत तो पोहोचतो. यांतील शेवटच्याला आपल्याला टोचलेली सुई कोणत्या रुग्णाची, हे बहुधा कळतही नाही. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांनी अशा कामगारांसह सर्वांचे लसीकरण ही रुग्णालयाची जबाबदारी ठरविली. कंत्राटी कामगारांची वरचेवर बदली होत असल्यास ती पार पाडणे अवघड जाते, कारण लशीच्या तीन मात्रा (प्रारंभी, एक महिन्याने व सहा महिन्यांनी) पूर्ण व्हाव्या लागतात.

परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ या त्याच्या पाच तालुक्यांतील जनता मुख्यतः ग्रामीण आहे. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. बालकांच्या नियमित लसीकरणात ब-यकृतशोथाच्या लशीचा राज्यभर विस्तार 2007-08 मध्ये झाला. पहिल्या तुकडीतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या वयाची मुले त्याआधी जन्मलेली आहेत. म्हणजे प्रौढ सफाई कामगाराप्रमाणे या तरुण डॉक्टरांचेही बालपणीचे संरक्षण गृहीत धरता येत नाही. नोंद पाहावी लागते, नसेल तर लस द्यावी लागते. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी सुरू झाला असून त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचीही तरतूद आहे. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी मोजणे इष्ट असते, कारण निरोगी प्रौढांपैकीही काहींत पहिल्या लसक्रमाने पुरेसे संरक्षण निर्माण होत नाही. लस न घेतलेल्यास सुई टोचल्यास जखम साबण व पाण्याने धुऊन शक्यतो 24 तासांच्या आत विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन व लशीची पहिली मात्रा देतात.