घडवा ओतकाम

मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी पितळ ओतण्याची, छत्तीसगढमधील बस्तर भागातील पारंपरिक कला. कोंडागाव हे तिचे प्रमुख केंद्र. पूर्व भारतातील अशाच ओतकामावरून तिला ‘ढोक्रा’ असेही म्हणतात. मोहें-जो-दडो येथे १९२६ मध्ये सापडलेली नर्तकीची मूर्ती याच पद्धतीची असून, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३१) या ग्रंथातही तिचे वर्णन आढळते.

मातीचा गाभा वाळल्यावर त्यावर मेणाचे बारीक धागे शेजारीशेजारी लपेटतात. तयार मूर्तीवरील समांतर रेषा या धाग्यांच्याच खुणा होत. वर प्रथम बारीक, मग भरड मातीचे लेप देऊन साचा तापवितात. मेण वितळून जाते व त्या पोकळीत पितळाचा रस भरतो. साचा फोडूनच वस्तू काढावी लागत असल्याने एका साच्यातून एकच वस्तू निघते.

ही कला आदिवासी म्हणून प्रसिद्ध आहे, ते अर्धेच खरे. घडवे हे गोंड, मुरिया, माडिया यांच्यासाठी देवमूर्ती, दागिने, घुंगरे व भांडी ओतणारे वेगळे कारागीर होत. देवतेचे वाहन व आयुधे पूजकाच्या श्रद्धेनुसार ठरत. रूप कारागीर देई. ॲल्युमिनियमच्या स्वस्त भांड्यांमुळे गावची मागणी ओसरली. पुढे शहरी बाजारपेठेने व जयदेव बघेल यांच्यासारख्या कलावंतांच्या कीर्तीने व्यवसाय तगला. परंतु देवाचा घोडा दिवाणखान्यात आला आणि त्याचे रूप ठरविणारा पूजक मागे राहिला.