मोडी कागदांतील सन आणि संगणक

हिजरी तारखेची इंग्रजी तारीख करून देणाऱ्या संगणकीय आज्ञावली आता सहज मिळतात. पेशवाईतील कागदांपुढे मात्र त्या फसतात. या कागदांवर महिना हिजरी म्हणजे चांद्र असतो, पण वर्ष बहुधा शुहूर, म्हणजे सौर असते. १३४४ मध्ये दोन्ही सनांचा आकडा ७४५ असा एकच होता. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून पुढे अंतर वाढत गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतच्या दिवशी, हिजरी सन ११७४ होता आणि शुहूर ११६१, म्हणजेच 'इहिदे सितैन मया व अलफ'. हा ११६१ हिजरी मानला, तर त्या जमादिलाखरातले पत्र १७४८ च्या उन्हाळ्यात, शाहू महाराजांच्या हयातीत जाऊन पडते!

शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. शिरपूर जैन ज्या वऱ्हाडात येते, तेथील निजामकालीन महसुली कागदांत फसली सन भेटतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. यंत्राचे गणित चुकत नाही. आकडा कोणत्या सनाचा, हे मात्र कागद वाचणाऱ्यानेच ठरवायचे असते.