मिठाचा कर आणि मिठाची गरज : एका प्रमाणाचा इतिहास

हिंदुस्थानातील मिठावरील कराचा विचार बहुधा राजकीय इतिहासाच्या अंगाने केला जातो. १९३० चा दांडीचा सत्याग्रह, त्याच वर्षी शिरोडे व वडाळा येथे झालेले कायदेभंग, या घटना सर्वपरिचितच आहेत. परंतु या दीर्घ वादाच्या मुळाशी शरीरशास्त्राचा एक प्रश्न होता : माणसाला व जनावराला मीठ लागते तरी किती? या प्रश्नाची उत्तरे कालमानाप्रमाणे कशी पालटत गेली आणि ज्या उत्तरावर लोकपक्षाने आपली बाजू उभारली त्याचे आज काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८८८ मध्ये सरकारने मिठावरील कर दर मणी दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी या वाढीस सातत्याने विरोध केला. १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी असा युक्तिवाद मांडला की, करवाढीमुळे दरमाणशी मिठाचा खप घटत चालला असून तो वर्षाला १० पौंडांच्याही खाली आला आहे; उलट आरोग्यासाठी दरमाणशी २० पौंड मीठ आवश्यक आहे, असे श्रेष्ठ वैद्यकीय मत आहे. पुढे १९०३ मध्ये कर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया असा उतरत गेला, आणि त्याबरोबर खपही वाढला.

आता या २० पौंडांचा हिशेब करून पाहावा. वर्षाला २० पौंड म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम मीठ होय. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली आजची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी अशी आहे. म्हणजे ज्या प्रमाणाच्या आधारे गोखल्यांनी सरकारला दोष दिला ते आजच्या मर्यादेच्या पाचपट भरते. इतकेच नव्हे, तर ज्या १० पौंडांना त्यांनी उपासमारीचे लक्षण मानले तेही दिवसाला १२ ग्रॅमांहून अधिक होतात. मग गोखल्यांचा पक्ष खोटा होता, असे म्हणावे काय? याचा निर्णय करण्यापूर्वी मिठाच्या गरजेविषयीचा पुरावा कोठून आला, ते पाहिले पाहिजे.

हा पुरावा प्रथम गोठ्यातून आला, आणि तोही एका करवादाच्याच निमित्ताने. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळी रद्द झालेला मिठावरील कर नेपोलियनने १८०६ मध्ये पुन्हा बसविला होता. तो कमी करावा, म्हणजे शेतकऱ्यांना गुरांस मीठ देता येईल व गुरे पुष्ट होतील, असा आग्रह १८४० नंतरच्या दशकात धरला जात होता. रसायनज्ञ बूसँगो यांनी तीन तीन खोंडांचे दोन गट करून एकास मीठ दिले व दुसऱ्यास दिले नाही. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र मीठ न मिळालेल्या खोंडांचे केस राठ व निस्तेज झाले होते, आणि त्यांच्या अंगात तरतरी उरली नव्हती. निष्कर्ष दोन्ही पक्षांस सारखाच गैरसोयीचा होता : मिठाने मांस वाढत नाही, पण मिठावाचून प्रकृती टिकत नाही.

या भेदाचे कारण बुंगे यांनी १८७० नंतरच्या दशकात शोधले. मांसाहारी प्राण्यांस भक्ष्याच्या रक्तमांसातूनच पुरेसे सोडियम मिळते. गवत व धान्य यांत ते फार थोडे असून पोटॅशियम विपुल असते. मिठाची ओढ तृणभक्षक प्राण्यांत दिसते ती यामुळे. पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे बॅबकॉक यांनी दुभत्या गाईंचे मीठ तोडून पाहिले. त्याचे परिणाम लगेच दिसले नाहीत. पण कालांतराने, विशेषतः वेताच्या सुमारास, गाई खंगल्या, दूध आटले, आणि मीठ देताच त्या पुन्हा सावरल्या. १९०५ मधील या प्रयोगाने दुभत्या जनावराची गरज निःसंशय सिद्ध झाली.

माणसाविषयीचा पुरावा याहून उशिरा आला. खोल खाणीत घाम गाळणाऱ्या मजुरांना येणारे पेटके पाण्यात थोडे मीठ घालून दिल्याने टळतात, हे १९२३ मध्ये मॉस यांनी इंग्लंडमध्ये दाखविले. १९३६ मध्ये मॅकन्स यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी माणसांना मीठविरहित आहारावर ठेवून रोज भरपूर घाम आणविला. काही दिवसांतच अन्न बेचव लागू लागले, पेटके आले व विलक्षण थकवा जाणवू लागला.

याच काळात दुसरी बाजूही उघड होत होती. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये आंबार व बोझार यांनी रक्तदाबाचा संबंध मिठाशी जोडला. डाल यांनी १९६० नंतरच्या दशकात उंदरांचे दोन वंश निपजविले. एकाचा रक्तदाब मिठाने चढे, दुसऱ्याचा चढत नसे. १९९५ मध्ये डेंटन व त्यांचे सहकारी यांनी फळे व पाला खाणाऱ्या चिंपांझींना दिवसाला १५ ग्रॅमांपर्यंत मीठ दिले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ३३ मिलिमीटरने चढला व मीठ थांबविताच उतरला. ज्या प्राण्याला निसर्गतः मीठ दुर्मिळ, त्यालाच त्याचा अतिरेक बाधला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २० पौंडांचे प्रमाण टिकले नाही, हे मान्य केले पाहिजे. कर उतरताच खप वाढला, यावरूनही गरज सिद्ध होत नाही; स्वस्त झालेली वस्तू लोक अधिक घेतातच. तथापि एकूण विक्रीस लोकसंख्येने भागून काढलेल्या खपात गुरांच्या तोंडी जाणारे मीठही येत असे, हे विसरता कामा नये. शिवाय सरासरीच्या आड उन्हात राबणारा मजूर व सावलीत बसणारा सावकार हे दोघेही एकच होऊन जातात. महाग मीठ प्रथम सुटले असेल ते ज्याला घाम अधिक व पैका कमी त्याच्या भाकरीतून, आणि त्याहीआधी त्याच्या गुरांच्या दावणीतून. गोखल्यांचा आकडा चुकीचा होता. त्यांची तक्रार चुकीची नव्हती.

महात्मा गांधींचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी स्वतः मीठ सोडले होते. तरीही गरिबांचे व गुरांचे मीठ महाग करणारा कायदा त्यांनी मोडला. आपण स्वेच्छेने वस्तू सोडणे आणि दुसऱ्याकडून ती कराने सोडविणे यांतील अंतर त्यांनी ओळखले होते. आज शहरी आहारात मीठ कमी करा, असे वैद्यक सांगते, आणि ते योग्यच आहे. पण हा उपदेश दुभत्या गाईला व भर उन्हात राबणाऱ्याला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे २० पौंडांचीच चूक उलट दिशेने करणे होय. मीठ किती, हा प्रश्न कोणाला, हे विचारल्यावाचून सुटत नाही.