मुंबईच्या मातांचा पंडुरोग आणि ल्युकेमियाचें औषध

परळ येथील हाफकिन संस्थेची वास्तु एके काळीं गव्हर्नरांचें निवासस्थान होती. १८९९ सालीं तेथें प्लेगची प्रयोगशाळा आली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. पण ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, यावरील एका औषधाची पूर्वपीठिका याच वास्तूशीं निगडित आहे, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

१९२८ सालीं ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना, जो घातक पंडुरोग होई त्याचें कारण त्यांस शोधावयाचें होतें. रोगजंतूंचा माग लागेना, तेव्हां त्यांनीं या बायकांच्या ताटांत काय पडतें तिकडे लक्ष वळविलें. 'मार्माइट' हा यीस्टचा स्वस्त अर्क देतांच रोग्यांस गुण येऊं लागला. १९३१ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. अर्कांतील तें गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल. हें नांव त्यास १९४१ सालीं मिळालें.

नवें रक्त घडविणारें हें द्रव्य रोगट रक्तपेशींसही हवें असते. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांस तर ल्युकेमियांत तें दिल्यानें रोग उलट बळावतो असें वाटलें. मग पेशींची ही रसदच तोडली तर? अमेरिकेंत लेडर्ली कंपनींत भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं फोलिक आम्ल कृत्रिम रीतीनें तयार झालें होतें. त्यांच्याच सहकाऱ्यांनीं त्याचे 'तोतये' बनविले. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तसाच हा प्रकार! त्यांपैकीं अमिनोप्टेरिन हें फार्बर यांनीं सोळा मुलांना दिलें. दहा मुलांचा रोग कांहीं काळ हटला. हें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच सालीं सुब्बाराव निवर्तले.

हा तोतया फसवितो कोणाला, हें पुढील दशकांत उमगलें. पेशींत डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नांवाचें एन्झाइम आहे. फोलिक आम्लास तें कार्यक्षम रूप देतें, आणि त्यावांचून पेशींस नवें डी.एन.ए. घडवितां येत नाहीं. तोतया या एन्झाइमास खऱ्यापेक्षां कितीतरी घट्ट चिकटतो. त्याचें काम थांबतें, आणि झपाट्यानें वाढणारी पेशी मरते. मात्र निरोगी मज्जेसही याची झळ लागते. शिवाय कांहीं रोगट पेशी तेंच एन्झाइम अधिक प्रमाणांत बनवून औषधास दाद देत नाहींत. म्हणूनच अमिनोप्टेरिनचें भावंड मेथोट्रेक्सेट हें आज इतर औषधांच्या जोडीनें दिलें जातें; आणि जेथें संपूर्ण उपचार मिळतात, तेथें या रोगाच्या मुलांतील नेहमींच्या प्रकारांत बहुसंख्य मुलें बरीं होतात.

१९४१ सालीं परळांतच टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें ल्युकेमियाच्या मुलांवर उपचार होतात. त्यांच्या औषधाची वाट कष्टकरी मातांच्या रिकाम्या ताटावरून आली आहे. गरिबाच्या दुखण्याची कोणी आस्थेनें चौकशी केली, तर तिचें फळ किती दूरवर पोंचतें, याचें हें उदाहरण होय.