शुद्ध रक्ताचा जर्मन हिशेब

राजघराण्यांचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर वंशावळ ठेवली जाते. वर मूळ पुरुष, खाली फांद्या. जणू झाड आपोआप वाढले! प्रत्यक्षात ते करारांनी छाटलेले असते. उत्तर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्ग या ड्यूक घराण्याचेच पाहा.

इथे राज्य भावाभावांत वाटले जाई. १६५८ साली गेओर्ग विल्हेल्मने आपली वाग्दत्त वधू सोफी धाकटा भाऊ एर्न्स्ट आउगुस्टला दिली. वर लेखी वचनही दिले, की मी कधीच लग्न करणार नाही, माझे राज्य तुझ्या वंशाला जाईल.

पुढे त्याचे मन जडले एलेओनोर द'ओलब्रूझवर. ती फ्रान्समधल्या एका लहान सरदाराची मुलगी. लक्षात घ्या, ती कुणा शेतमजुराची पोर नव्हती. तरीही ड्यूकच्या तोलाची नाही! असमान कुळातल्या बाईपासून झालेल्या मुलांना राज्य नाही, असा त्या राजकुळांचा दंडक. म्हणून १६६५ पासून ती लग्नाविना, नुसत्या करारावर त्याच्याबरोबर राहिली. १६६६ ला मुलगी झाली, सोफी डोरोथेआ. १६७४ मध्ये सम्राटाने एलेओनोरला काउंटेस केले आणि १६७६ मध्ये रीतसर लग्न लागले. कुळ जर रक्तात असते, तर ते सम्राटाच्या सहीशिक्क्याने वाढले कसे?

एलेओनोरच्या ‘हलक्या’ जन्माचा सर्वांत जास्त तिटकारा होता तो सोफीला. पण १६८२ मध्ये सोफीच्याच थोरल्या मुलाचे, गेओर्ग लुडविगचे, लग्न याच मुलीशी लावण्यात आले. तिच्यामागे पैसा होता आणि सेलेचे राज्य पक्के होत होते. तिथे विटाळ आड आला नाही!

त्याच सुमारास एर्न्स्ट आउगुस्टने वाटणीची प्रथा मोडून सगळे थोरल्याला, असा नियम केला. धाकटे मुलगे चिडले. मॅक्सिमिलियनने कट केला. तो हक्क सोडून परदेशी निघून गेला, शिरच्छेद मात्र १६९२ मध्ये त्याचा साथीदार मोल्टके याचा झाला. राजपुत्राचे डोके शाबूत राहिले.

आणि सोफी डोरोथेआ? नवरा उघडपणे दुसऱ्या बाईबरोबर राहत होता, तिला मुलीही झाल्या होत्या. त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. सोफी डोरोथेआचे प्रेमप्रकरण मात्र गुन्हा ठरले. १६९४ च्या जुलैत तिचा प्रियकर क्योनिग्समार्क हॅनोवरच्या राजवाड्यातून नाहीसा झाला. डिसेंबरात घटस्फोट झाला आणि तिला आल्डेनच्या वाड्यात डांबले. मुलांची भेट बंद. १६२६ नव्हे, १७२६ साली ती तिथेच मेली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक कैद. तिच्या बापाचे राज्य १७०५ मध्येच नवऱ्याला मिळाले होते आणि १७१४ पासून तो इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज होता.

वंशावळीत आणखी खाली पाहा. इंग्लंडचा दुसरा जॉर्ज हा एलेओनोरचा नातू. प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा, ज्याला ‘महान’ म्हणतात, तो तिचा पणतू.